ट्रंकेतलं कापड

आमच्या पिढीच्या घराघरांत एक काळी पत्र्याची ट्रंक असायची. तिच्यात शिवलेले कपडे नसायचे, नुसतं कापड असायचं. नीट घड्या घातलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेलं. खण, ब्लाऊज पीस, पॉपलीनचे उरलेले दीड-दोन हात, चिटाचा तुकडा, आजोबांचं विरलेलं धोतर, आजीच्या इरकली लुगड्याचे नुसतेच उसवून ठेवलेले काठ. ट्रंकेवर घरातल्या सगळ्या अंथरुणांची चळत असे, त्यामुळे ती उघडायची म्हणजे आधी गाद्या उतरवायला कुणाला तरी हाक मारावी लागे. गाद्या उतरल्या की आम्ही पोरं गोळा व्हायचो. ट्रंक उघडली म्हणजे घरात कुणाचं तरी काहीतरी शिवलं जाणार, हे ठरलेलंच.

या ट्रंकेचं आज कौतुक होतं ते काटकसर म्हणून. ‘आपल्या आया-आज्या काही फेकत नसत,’ असं सगळेच म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण मला ते अर्धंच वाटतं. नुसती काटकसर असती तर कापड कुठल्याही कामाला चाललं असतं. तसं ते चालत नसे. ट्रंकेतल्या प्रत्येक तुकड्यावर कुणाचं तरी नाव लागलेलं असे. आईला एखादा आंबा कलरचा खण मागितला तर ती म्हणायची, “त्याला हात लावू नकोस, तो वन्संचा आहे.” वन्संना, म्हणजे आमच्या आत्याला, या खणाचा पत्ताही नसायचा. तिचं लग्नही अजून ठरलेलं नसायचं. पण तिचं लग्न होईल, दिवस राहतील, बाळ होईल आणि त्या बाळाच्या कुंचीला हा खण लागेल, हे आईच्या मनात पक्कं असायचं. कापड आधी येई आणि माणूस मागून.

हे कापड यायचं कुठून? मी सांगली-मिरजेकडची, तेव्हा आमच्या ट्रंकेत त्या मुलखाचा माल. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. तिथं १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि आमच्या लहानपणापर्यंत सगळं गाव मागांच्या खडखडाटानं भरून गेलं होतं. तिकडचं पॉपलीन आणि धोतरं स्वस्तात मिळत. खण यायचे गुळेदगुड्डचे आणि लुगडी इरकलची, कारण कर्नाटकाची सीमा जवळ आणि बाजार एकमेकांत मिसळलेले. रेशनच्या दुकानातून कंट्रोलचं कापड यायचं, जाडंभरडं, खळ एवढी की उभं केलं तर उभं राहील. मुंबईला गिरणीत असलेला काका दिवाळीला आला की गिरणीच्या दुकानात कामगारांना सवलतीत मिळालेलं कापड आणायचा, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका एकाच खोलीत सापडायच्या.

पण सगळ्यात मोठा पुरवठा होता ओटीचा. चैत्रातलं हळदीकुंकू, संक्रांत, नवरात्र, डोहाळेजेवण, बारसं, मुंज, लग्न. जिथं जावं तिथं खणा-नारळानं ओटी भरली जायची. नारळाची चटणी नाहीतर सोलकढी व्हायची, तांदूळ डब्यात जायचे, आणि खण ट्रंकेत. काही ब्लाऊज पीस फिरते असत. ते या घरातून त्या घरात वर्षानुवर्षं हिंडत आणि शेवटी कधीतरी मूळ घरी परत येत. कापड पातळ, पन्हा कमी, रंग जाणार याची खात्री. पण त्यांतलेच चार-दोन चांगले निघत आणि ते बाजूला काढले जात. घडी उलगडली की दुमडीतून तांदळाचे दोन दाणे टपकायचे आणि कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं असायचं. आई तो कोपरा कापायची नाही. शिवताना तो आतल्या दुमडीत जाईल असाच बेत करायची. हा खण कुणाच्या घरी, कुठल्या निमित्तानं ओटीत पडला, हे तिला तोंडपाठ असे.

आमच्या आयांची ही साठवण्याची सवय कुठून आली हेही लक्षात ठेवायला हवं. त्या मुली असताना दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, आणि पैसे हातात असूनही कापड मिळत नाही हा अनुभव त्यांनी कोवळ्या वयात घेतला. लुगडं मधोमध विरलं की ते कापून, दोन्हीकडचे धड भाग जोडून दंड घातलेलं नेसायचं, हे त्यांनी आपल्या आयांच्या अंगावर पाहिलं होतं. पुढं बाजारात कापडाचे ढीग लागले तरी ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे त्यांच्या तोंडून गेलं नाही.

आता शिवण्याबद्दल. कुणाकडे सिंगर, कुणाकडे उषा, कुणाकडे मेरिट. कुणाचं हातमशीन, कुणाचं पायमशीन. हप्त्यानं घेतलेलं, नाहीतर माहेरून आलेलं. मशीनवर लाकडी झाकण, झाकणावर क्रोशाचा रुमाल. बाजूच्या खणात बॉबिनी, टिचबटणं, हुक, एक मोडकी कात्री, खडूचा तुकडा आणि तेलाची चोच असलेली छोटी कुपी. दुपारी जेवणं उरकून ओटा स्वच्छ झाला की मशीन चालू व्हायचं. चामडी पट्टा सैल झाला की त्याला तारेचा आकडा आवळायचा, खालून दोऱ्याचं जाळं यायला लागलं की वरचा ताण घट्ट करायचा, एवढी दुरुस्ती प्रत्येक घरची बाई स्वतः करत असे.

मला मात्र मशीनपेक्षा त्याच्या आधीचं काम जास्त आठवतं. नवं सुती कापड आलं की ते आधी रात्रभर पाण्यात भिजत पडायचं. आटायचं तेवढं आधीच आटून घेऊ दे, मग कात्री. वाळलं की हातानं ओढून सारखं करायचं आणि जमिनीवर पसरायचं. माप घ्यायला टेप असायचा, पण खरं माप म्हणजे आमचा जुना फ्रॉक. तो कापडावर उलटा ठेवायचा आणि अंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी घेऊन त्याच्या भोवती रेघ मारायची. पांढऱ्या कापडावर साबण दिसत नाही, तिथं निळीची पुडी. अवघड काही असेल तर वर्तमानपत्राचा कागद कापून आधी बेत करून बघायचा.

आणि मग आई थांबायची. कात्री हातात, पण कापायची नाही. दोन बहिणींचे दोन फ्रॉक, त्याच कापडात धाकट्याचं झबलं, आणि कापड मात्र दोन फ्रॉकांनाही जेमतेम पुरेल एवढंच. ती तुकडे मनात हलवत राहायची. बाही आडवी घेतली तर? कळ्या उलट-सुलट टाकल्या तर? मुंढ्यातून निघणाऱ्या अर्धगोलात कॉलरचं एक पान बसेल, दुसरं पान गळ्याजवळच्या तुकड्यातून, आतली बाजू दुसऱ्या रंगाची चालेल, कोण उलटून बघतंय. गळ्याला लावायची पट्टी उरेब हवी, म्हणजे तिरपी. सरळ कापली तर गळा उभा राहतो. त्या तिरप्या पट्टीसाठी सलग कापड नाही, तर चार इंची तुकडे जोडून ती करायची. हा सगळा हिशोब कागदावर न मांडता चालायचा. चौथी शिकलेल्या बाया तो करत होत्या. आम्ही शाळेत भूमिती शिकलो, त्यात गुण मिळवले, आणि घरी जमिनीवर बसून चाललेली ती भूमिती आम्हाला ‘आईचं शिवण’ वाटत होती. या बायकांच्या बुद्धीचं हे माप कुणी कधी घेतलं नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं.

वाढत्या अंगाचा विचार तर प्रत्येक शिवणीत. फ्रॉकच्या घेराला खाली आडव्या टका घालायच्या, दिसायला नक्षीसारख्या. मूल उंच झालं, फ्रॉक उटंगा झाला की एक टक उसवायची. उसवायला दाढीचं जुनं ब्लेड, आणि ते आमच्या हाती द्यायचं नाही हा नियम. टक उसवली की तिच्या पोटातलं कापड मूळ रंगाचं निघायचं, कारण त्याला ऊन लागलेलं नसे. विटलेल्या गुलाबी फ्रॉकवर एक गडद गुलाबी रेघ. तिच्यावर आई पांढरी लेस लावून टाकायची. पुढच्या वर्षी दुसरी टक, दुसरी लेस. आमच्या काळातल्या मुलींच्या फ्रॉकांवर खाली लेसेच्या दोन-तीन ओळी दिसतात ना जुन्या फोटोंत, त्यांतल्या कितीतरी ओळी अशा वयाच्या आहेत.

दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांना कपडे, ही गोष्ट प्रत्येकजण सांगतो, म्हणून मी ती लांबवत नाही. टीव्हीची, रेडिओची, मिक्सरची कव्हरं, उशांचे अभ्रे, भाजीच्या पिशव्या, दप्तरं, परकराच्या नेफ्यातून ओवलेल्या नाड्या, यांचंही तसंच. सगळ्यांच्या घरी होतं, सगळ्यांना आठवतंय.

द्यायच्या वस्तूंवर मात्र रेंगाळायला हवं, कारण साठ्यातलं उत्तम कापड तिकडे जायचं. संक्रांतीला लुटायला बटवे, अँकरच्या रेशमाच्या लडी आणून काश्मिरी टाक्यानं भरलेले रुमाल. लग्नाच्या रुखवतात मुलीनं स्वतः केलेला टेबलक्लॉथ, पूजेची आसनं, देवांची वस्त्रं. आणि सगळ्यांत वर बाळंतविडा. मावशी किंवा आत्या होणारी बाई महिनोन् महिने आधी त्याला लागायची. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची. झबल्याला बटणं लावायची नाहीत, बाळाला टोचतात; मागं बंद. शिवण आतून नव्हे तर बाहेरून राहील अशी उलटी घालायची, म्हणजे टीप अंगाला घासणार नाही. गळ्याची पट्टीसुद्धा आत दुमडायची नाही. बाळाच्या मानेच्या मऊ वळ्यांचा विचार त्या टाक्याटाक्यात होता.

कुंची तर बघण्यासारखी. खणाचा एक सरळ आयत, त्याची दुहेरी घडी, एका बाजूला वरपर्यंत शिवण. ती शिवण डोक्याच्या मागं जाते. मग मानेच्या जागी दोऱ्यानं चुण्या ओढायच्या, म्हणजे वर टोपी आणि खाली पाठीवर झूल आपोआप होते. खणाचा काठ कपाळावर यायला हवा, म्हणून कापताना तो आधीच कडेला ठेवायचा. कडेनं लेस, टोकाला गोंडा. कात्री जवळजवळ लागतच नाही. कापड वाया न घालवता असा पोशाख पहिल्यांदा ज्या बाईला सुचला, ती माझ्या मते मोठी कारागीर. आणि ती बाई काय, तिच्यासारख्या कितीकजणी, नाव मागे न ठेवता गेल्या.

नवजात बाळाच्या अंगाला मात्र आधी नवं कापड लावायचं नाही. आजोबांच्या धोतराची, आजीच्या लुगड्याची बाळुती. शेकडो धुण्यांनी खळ गेलेली, धागा सैल झालेला, पाणी चटकन टिपणारी. जुनं सूत नव्यापेक्षा मऊ असतं, ही त्या साऱ्या व्यवहाराची किल्ली. त्यामुळेच एका लुगड्याला इतकी आयुष्यं मिळत: नेसणं, दंड घालून नेसणं, परकर, बाळुती, आणि शेवटी गोधडीचा एक थर. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात अंगणात खाली एक लुगडं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांना दगड, मध्ये जुन्या कापडांचे थर, कुठे उंच-सखल राहू नये म्हणून हात फिरवत लावलेले, वर पुन्हा चांगल्यातलं चांगलं लुगडं. मग चार बायका चार बाजूंना बसायच्या आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत सरकायच्या, चौकोनाच्या आत चौकोन. गप्पा चालू, हात चालू. प्रत्येकीचा टाका वेगळा, एकीचा बारीक, एकीचा लांब. कोणती बाजू कुणाची ते पुढं वर्षानुवर्षं ओळखू यायचं.

या सगळ्यात कष्ट होते आणि ते बायकांच्या वाट्याचे होते. टीप मशीनवर, पण काजं आणि हेम हातानं, आणि ते काम आम्हा मुलींच्या गळ्यात. भाऊ खेळायला जात, आम्ही काजं करत बसायचो. चिमणीच्या, पुढं चाळीसच्या बल्बच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा घालून कितीजणींचे डोळे शिणून जात. हे विसरून नुसतं गोडगोड आठवणं मला पटत नाही.

काहींच्या घरी तर याच मशीनवर चूल पेटली. मुंबईची काकू परळच्या चाळीत राहायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मिटल्याचं असं कधी कुणी सांगितलंच नाही. काकू, जिनं तोवर फक्त घरच्यांसाठी शिवलं होतं, ती एका दुकानासाठी डझनाच्या भावानं परकर शिवायला लागली. दुकानातून कापलेलं कापड यायचं, शिवून परत जायचं. ती एकदा आईला म्हणाली, “कुणाच्या अंगावर जाणार तेच माहीत नाही गं, हात चालतो पण मन लागत नाही.” मी तेव्हा शेजारी बसले होते. पैशांची, पाठीच्या दुखण्याची तक्रार तिनं केली नाही. केली ती एवढीच. घरच्या शिवणात काय होतं ते मला त्या वाक्यातून उमगलं.

मग हे संपलं कसं? बायका आळशी झाल्या, नोकरीला लागल्या, तयार कपडे आले, अशी कारणं देतात. तयार कपडे आले हे खरं. पण त्याआधी धागा बदलला. टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन घरात शिरलं. धुवायला सोपं, इस्त्री नको, वर्षानुवर्षं फाटत नाही. आयांना त्याचा आनंदच झाला, आणि का होऊ नये, धुणं त्यांनाच धुवायचं होतं. पण हे कापड जुनं होऊन मऊ होत नाही. ते घाम टिपत नाही, पाणी टिपत नाही. त्याची बाळुती होत नाहीत, वाकळीत घातलं तर थर घसरतो आणि थंडीत अंगाला गार लागतं. नेसून झालेल्या नायलॉनच्या साडीला घरात पुढचं कामच उरलं नाही. तेव्हा दारात बोहारीण उभी होती. ती पूर्वीही यायची, पण तेव्हा तिला द्यायला फारसं काही नसे. आता टेरिकॉटच्या दोन पँटी आणि नायलॉनच्या साड्यांवर स्टीलचं पातेलं मिळायला लागलं. घासाघीस व्हायची, एक वाटी वाढवून मिळायची. ज्या कापडानं घरातल्या घरात पाच जन्म घेतले असते ते एका जन्मात दाराबाहेर गेलं, आणि मांडणीवर भांडी चकाकू लागली. मी त्या भांड्यांना नावं ठेवत नाही, अजून वापरते आहे. पण ट्रंक रिकामी होण्याची सुरुवात तिथं झाली असं मला वाटतं.

सुदैवानं सुती साड्या पूर्ण गेल्या नाहीत, आणि शिवणारे हातही. माझी मोठी बहीण अजून वाकळी करते, एकटी, पलंगावर पसरून, कारण जमिनीवर बसणं आता जमत नाही. भाची अमेरिकेत आहे. तिच्या बाळंतपणाला ताई गेली तेव्हा विमानाला चालेल एवढ्या वजनात डिंकाचे लाडू, अळीव, आणि उरलेल्या जागेत आईच्या दोन साड्यांची छोटी वाकळ. तिकडे ती दर आठवड्याला धुलाईयंत्रात आणि मग वाळवणीच्या यंत्रात फिरायला लागली, तेव्हा टाके ढिले पडले. आपल्याकडे वाकळ वर्षातून एक-दोनदा नदीवर नाहीतर गच्चीत धुतली जायची, तिला अशा फेऱ्यांची सवय नाही. ताईनं त्यावर उपाय काढला. बोटभर अंतरावर पडणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळी ती आता अर्ध्या बोटावर घालते, दुहेरी दोरा मेणावरून ओढून घेते आणि कडेला आणखी एक पट्टी लावते. त्या वाकळी टिकताहेत. आता भाचीच्या शेजारच्या तेलुगू मैत्रिणीला तिच्या होणाऱ्या बाळासाठी एक हवी आहे. तिनं आपल्या आजीची एक जुनी सुती साडी त्यासाठी काढून ठेवली आहे आणि ती साडी कुणाबरोबर तरी इकडे येणार आहे. ताईनं पाळण्याची मापं पाठवायला सांगितली आहेत. तिकडचे पाळणे आपल्या झोळीपेक्षा लांब असतात, दुपट्याच्या मापावर चालणार नाही.